मदत हवी आहे : दुसऱ्याच्या नावाचा चेक मागे सही करून दिलाय, खात्यात जमा होईल का?

नमस्कार मंडळी. पंचवटीत माझा द्राक्षाच्या खोक्यांचा छोटा धंदा आहे. सीझनची ८५,००० रुपयांची उधारी एका व्यापाऱ्याकडे अडकली होती. परवा त्याने पैशाऐवजी चेकच हातात ठेवला, तोही त्याला दुसऱ्या कुणीतरी दिलेला! मागच्या बाजूला माझं नाव लिहून खाली सही ठोकली आणि म्हणे, "आता हा तुमचाच."

चेकवर 'बेअरर' (म्हणजे घेऊन येईल त्याला पैसे) खोडलंय, कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा आहेत, मात्र 'अकाउंट पेयी' लिहिलेलं नाही. १८८१ च्या चेक-हुंड्यांच्या कायद्यानुसार (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) असा चेक मागे सही करून दुसऱ्याला देता येतो, आणि 'अकाउंट पेयी' असता तर बँकेने तो माझ्या खात्यात घेतलाच नसता, इतपत मी वाचलंय. तरीही काउंटरवरच्या बाईंनी चेक उलटासुलटा केला आणि "थर्ड पार्टी आहे, साहेबांना विचारा" म्हणून परत दिला. साहेब रजेवर!

नाशिकमध्ये कुणी असा चेक अलीकडे वटवलाय का? बँक व्यापाऱ्याची सही पडताळायला मागते का? आणि बाउन्स झाला तर त्याच कायद्यातल्या कलम १३८ ची (चेक न वटल्याची) नोटीस मूळ चेक लिहिणाऱ्यालाच जाणार ना? मग सही करून मोकळा झालेल्या आमच्या व्यापाऱ्याला कशात धरायचं, दिवाणी दाव्यात? त्याने 'माझी जबाबदारी नाही' असं काही लिहिलेलं नाही.

चेकवरच्या तारखेपासून त्याची तीन महिन्यांची मुदत संपायला अकराच दिवस उरलेत, म्हणून जरा घाई आहे.