मयताच्या घरी गुरुजींनी दाखल्याचंही बघावं का?

खाडीकाठचा
आषाढात काकी गेली, दिवेलागणीला. मुंबईची मंडळी कोकणकन्येने पहाटे रत्नागिरीत उतरून घरी पोचेपर्यंत आठ वाजले. रात्रभर पाऊस, लाकडं ओली. गुरुजींनी पंचा आवळला आणि पहिलं विचारलं, "नारळाची सुकी सोडणं कुणाकडे आहेत?" माळ्यावरून दोन पोती निघाली, तेव्हा चिता धरली.
दाखल्याचं मात्र कुणीच काढलं नाही. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांत करायची, पुढे विलंब शुल्क, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. आम्ही धावतपळत विसाव्या दिवशी गेलो आणि नाव घातलं ते सगळे हाक मारायचे ते. आधारवर दुसरंच. पोस्टातली ठेव अजून अडकलेली आहे. गुरुजी संकल्पाला नाव-गोत्र विचारतातच ना? त्याच दमात "कागदावर काय नाव?" विचारलं तर काय बिघडतं?

वाडीवरचा
म्हणजे आता भटजींनी ग्रामसेवकाचंही काम करायचं! आमचे गुरुजी पाच गावं सांभाळतात, सत्तरी ओलांडलेली, एसटी चुकली तर चालत येतात. हे काम भावकीचं. आमच्याकडे तर स्मशानात भटजी येतच नाहीत, थेट दहाव्याला.

खाडीकाठचा
दहाव्याला आले तरी ११ दिवस हातात उरतात, दादा. आणि भावकी कुठली? निम्म्या घरांना कुलपं. खांद्याला चौथा माणूस शेजारच्या वाडीतून आणला.

वसईकर
आमच्याकडे फादरना कळवल्याशिवाय मयताची वेळच ठरत नाही. कबर कुठे, घंटा कधी, सगळं चर्चमधून. तरी वडिलांच्या वेळी फसलो. चर्चच्या नोंदवहीतला उतारा घेऊन बँकेत गेलो, त्यांनी परत पाठवलं. तो उतारा म्हणजे सरकारी दाखला नव्हे, हे फादर दोन वाक्यांत सांगू शकले असते. सांगितलं नाही. राग नाही, पण बोललो.

वाडीवरचा
सांगणं वेगळं, जबाबदारी वेगळी. उद्या नाव चुकलं तर "गुरुजींनीच सांगितलं होतं" म्हणून त्यांच्याच दारात जाणार तुम्ही. दक्षिणा देताना मात्र घासाघीस.

माहेरवाशीण
घासाघिशीचं खरं आहे, आमच्याकडेही झाली. पण एक राहिलं. घरीच वारलेल्या माणसाचं मृत्यूचं कारण डॉक्टरांकडून लिहून घ्यावं लागतं, आणि ते त्याच दिवशी सोपं जातं. आईच्या वेळी डॉक्टर येऊन बघून गेले, कागद कुणी मागितलाच नाही. नंतर ते गणपतीला गावी गेले, आम्ही दवाखान्याच्या पायरीवर. त्या दिवशी घरात शुद्धीवर होते ते एकटे गुरुजी.

वाडीवरचा
बरं, विचारू देत. पण अर्ज भरायला बसवू नका त्यांना.

खाडीकाठचा
बसवत नाही. वहीच्या पानावर तीन ओळी लिहून मीच नेऊन देतो, पोथीत ठेवतील.