माऊंटन व्ह्यूचे भूजल इतक्या वर्षांच्या उपशानंतरही स्वच्छ का होत नाही?

प्रश्न:
मी पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. कॅलिफोर्नियातील माऊंटन व्ह्यू येथील जुन्या सेमीकंडक्टर कारखान्यांच्या परिसरात ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजेच टीसीई, हे द्रावक भूजलात उतरले. १९८९ मध्ये उपाययोजना ठरली आणि दूषित पाणी उपसून शुद्ध करण्याचे काम सुरू राहिले; तरीही लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा सर्वत्र का गाठता आली नाही? आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये हीच पद्धत चालेल का?

उत्तर १:
टीसीई पाण्यापेक्षा सुमारे दीडपट जड असल्यामुळे ते भूजलपातळीखाली बुडत जाते आणि चिकणमातीच्या थरांवर साचते. एक लिटर टीसीई सुमारे २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत दूषित करू शकते, हा हिशेब मांडून पाहिला की प्रश्नाचे गांभीर्य कळते. शिवाय वर्षानुवर्षे ते चिकणमातीत मुरते. वाळूतले पाणी उपसून स्वच्छ झाले, तरी माती ते हळूहळू परत सोडते, आणि म्हणूनच पंप थांबवल्यावर प्रमाण पुन्हा वाढते. माझ्या मते अशा ठिकाणी उपसा हा दूषण पसरू न देण्याचा उपाय आहे. त्याने मूळ साठा संपेल, ही अपेक्षा ठेवू नये.

उत्तर २:
वरील उत्तराला एक जोड देतो. सोयाबीन तेल किंवा लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचे क्षार) जिवाणूंचे खाद्य म्हणून जमिनीत सोडून जिवाणूंकडून टीसीईतील क्लोरीन काढून घेता येते. मात्र डीहॅलोकोकॉइडीस हे जिवाणू पुरेसे नसतील, तर विघटन व्हिनाइल क्लोराइडपाशी अडते, आणि ते टीसीईपेक्षाही घातक असून त्याची मर्यादा २ मायक्रोग्रॅम आहे. म्हणून केवळ टीसीई घटल्याच्या अहवालावर समाधान मानू नका. लोखंडी कणांची पाझरभिंत, म्हणजे जिच्यातून भूजल पाझरताना लोखंडामुळे टीसीईचे विघटन होते अशी जमिनीतली भिंत, हाही पर्याय आहे. कॅनडातील बॉर्डन येथे १९९१ मध्ये तिची प्रत्यक्ष जमिनीत चाचणी झाली.

उत्तर ३:
बेसाल्टबद्दल सांगते. मुरमाखालच्या कठीण खडकात पाणी भेगांमधून वाहते, त्यामुळे एका विंधनविहिरीत टीसीई सापडले नाही, म्हणून जवळची दुसरी विहीर स्वच्छ असेल असे म्हणता येत नाही. भेगांचा नकाशा हाती नसताना उपशाची जागा ठरवू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साचलेल्या द्रावकाच्या थेट खाली विंधनविहीर खोदू नये, कारण तीच त्याला खालच्या जलधरापर्यंत, म्हणजे भूजल धरून ठेवणाऱ्या थरापर्यंत, वाट करून देते.