मदत हवी आहे: घरच्या घरी रेल्वेचा वाढदिवस, बजेट अडीच हजार, सोलापूरचा मे महिना

नमस्कार मंडळी,

लेक मेमध्ये सहा पूर्ण करतोय आणि त्याला वाढदिवस रेल्वेचाच हवाय. कार्टूनमधल्या नाही, आपल्या खऱ्या रेल्वेचा. स्टेशन जवळ असल्याने हुतात्मा आली का, सिद्धेश्वर सुटली का, याचा हिशेब घरात तोच ठेवतो. एका डेकोरेशनवाल्याने नुसत्या फुग्यांच्या कमानीचे चार हजार सांगितले. माझं सगळं मिळून बजेट अडीच हजार. पोरं पंधराएक, सोबतच्या आया वेगळ्या.

ठरलंय ते असं: आमंत्रण म्हणजे कार्डशीटचं तिकीट, त्यावर बर्थ नंबर. पिवळ्या कागदावर काळ्या अक्षरांत स्टेशनच्या पाट्या. हॉलच्या दारावर 'सोलापूर', स्वयंपाकघरावर 'कुर्डुवाडी', कारण पोरं तिथे उतरून खाणार. पुरी, बटाट्याची सुकी भाजी आणि ताक, बास. किराणावाल्याकडून खोकी आणलीत, त्यांचे डबे होतील.

अडलंय केकपाशी. ओव्हन नाही, आणि बाहेर ४२ अंश. गेल्या वर्षी विकतच्या केकचं क्रीम औक्षण होईतो खाली उतरलं होतं. (आधी औक्षण, मग केक. सासूबाईंपुढे यात तडजोड नाही.) इंजिन कशाचं करू? गच्ची सूर्य मावळेपर्यंत तापलेली, मग छोट्या हॉलमध्ये कुठले खेळ घेऊ? आणि रिटर्न गिफ्ट वीस-पंचवीस रुपयांत, पण दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाणारं प्लास्टिक नको.

पूर्वभागकर: ताई, पॉवरलूमच्या कुठल्याही कारखान्यात सूत संपलेले कागदी कोन मागा. रद्दीतच जातात, ओळखीत फुकट देतील. कोन उलटा धरला की वाफेच्या इंजिनाची चिमणी तयार. काळा पोस्टर कलर द्या, वरून कापूस पिंजून खोचा, धूर झाला. उरलेले कोन ओळीत उभे करून त्यावर जुन्या बांगड्या फेकायचा खेळ घ्या.

धागाकर्ती: दादा, कोन लगेच मागवते. पण चिमणी ऐकून लेक रुसलाय. "आपल्याकडं विजेचं इंजिन असतंय, वर पेंटोग्राफ पाहिजे." (म्हणजे टपावरचा, वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा.)

पूर्वभागकर: बरोबर आहे साहेबांचं! मग तारेचा हँगर मधोमध दुमडून खोक्यावर चिकटवा. कोन खेळाला ठेवा.

रेल्वेवाल्याची बायको: केक कुकरमध्ये करा गं. शिट्टी आणि रबर काढायचं, तळाला मिठाचा थर, त्यावर कडं. दहा मिनिटं तापवून केकचा डबा ठेवायचा आणि मंद आचेवर चाळीसेक मिनिटं. मग सुरी खुपसून बघ, कोरडी निघाली पाहिजे. पूर्ण गार झाल्यावर गोल केकच्या पट्ट्या काप, एक पट्टी म्हणजे एक डबा. कडेचे तुकडे घरच्यांना. क्रीम अजिबात नको. जॅम किंचित गरम करून वरून फासायचा आणि क्रीमच्या बिस्किटांची चाकं टेकवायची. हे उन्हाला दाद देत नाही.

खेळ म्हणशील तर हिरवा झेंडा दाखवला की गाडी चालते, लाल दाखवला की जागच्या जागी पुतळा. लहानग्यांना पुरतो. मोठ्यांना मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, केम, जेऊर, दौंड अशा चिठ्ठ्या उलटसुलट करून दे आणि पुण्यापर्यंत क्रमाने लावायला सांग. आयाच जास्त भांडतील, बघ.

चाटीगल्ली: रिटर्न गिफ्टला टॉवेलवाल्यांकडचे छोटे नॅपकिन घ्या की! सोलापुरात राहून बाहेरचं काय शोधताय? घाऊकात घेतले की बजेटात बसतात. कोपऱ्यात तिकिटावरचाच बर्थ नंबर दोऱ्याने भरा. उन्हाळ्यात पोरांना घाम पुसायलाही होतात.

धागाकर्ती: नॅपकिनचं पक्कं. सासूबाई आत्ताच दोरे शोधायला उठल्या. फक्त घरातले सगळे हँगर प्लास्टिकचे आहेत, चालतील का?

पूर्वभागकर: ते दुमडत नाहीत, तुटतात. इस्त्रीवाल्याकडे मागा, त्याच्याकडे तारेचे ढीगभर असतात.