शब्दचर्चा: ‘कारभारी’ म्हणू की ‘सालदार’? (1 पेत्र 4:10)

तापीकाठ:
सगळ्यांना जय ख्रिस्त. पुढच्या रविवारी आमच्या मंडळीत तरुणांपुढे कृपादानांवर, म्हणजे देवाने कृपेने दिलेल्या गुणांवर, बोलायचंय. वचन बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं, 1 पेत्र 4:10, ज्यात आपल्याला देवाच्या कृपेचे चांगले कारभारी म्हटलंय. अडचण अशी की आमच्याकडच्या पोरांना कारभारी म्हटलं की एक तर ग्रामपंचायत आठवते नाहीतर सिनेमात बायको नवऱ्याला हाक मारते ते आठवतं. त्यापेक्षा सालदार शब्द वापरला तर? यावल-रावेर पट्ट्यात सालदार कोणाला समजावून सांगावा लागत नाही, मालक देव आणि आपण त्याचे सालदार, बसतं का हे?

केळीबाग:
दादा, सालदार नको. आमच्या घरी तीन पिढ्या सालदार होते म्हणून सांगतो. आखाजीला (अक्षय तृतीयेला) साल ठरतं, उचल मिळते, मग पुढच्या आखाजीपर्यंत मालक सांगेल ते काम. पाणी कोणत्या बारीला सोडायचं, घड कधी कापायचे, हे सालदार ठरवत नाही, आणि ठरवलं तर बोलणी खातो. तो कष्टाला कमी नसतो, पण निर्णय त्याच्या हातात नसतो. पेत्राने वापरलेला ग्रीक शब्द आहे ‘ओइकोनोमोस’, ओइकोस म्हणजे घर आणि ते चालवणारा तो. तो पुष्कळदा स्वतःही दासच असायचा, घरातलं काहीच त्याच्या नावावर नाही, पण कोठाराची किल्ली त्याच्या कमरेला. लूक 12:42 बघा, तिथे विश्वासू कारभाऱ्याचं काम काय सांगितलंय, घरच्यांना वेळच्या वेळी शिधा देणं. म्हणजे कोठार सांभाळणं हे अर्धंच काम झालं, वाटप हे खरं काम. मालक सुरतला राहतो आणि बाग कोणाच्या तरी भरवशावर सोडून जातो, तो जो माणूस असतो ना, तो कारभारी. पोरांना असं सांगा, लगेच कळेल.

तापीकाठ:
किल्लीचं फार आवडलं भाऊ. मग ‘कृपादान’चं काय करू? देणगी म्हटलं तर चालेल का, बोलताना आपण म्हणतोच की गळ्याला देवाची देणगी आहे.

भाषाप्रेमी भुसावळ:
देणगी म्हटलं की आता पावतीपुस्तकच डोळ्यासमोर येतं. वरदान म्हणाल तर त्यामागे तप आलं, म्हणजे कमावलेली गोष्ट. कृपादान हा शब्द घडवलेला असला तरी मला अचूक वाटतो, कारण ग्रीकमध्ये ‘खरिस’ म्हणजे कृपा आणि ‘खरिस्मा’ म्हणजे त्या कृपेतून हातात आलेली वस्तू, नातं शब्दातच दिसतं, मराठीतही तसंच दिसतं. (पुढाऱ्यांचा ‘करिश्मा’ वेगळा बरं का, तो फारसीतून आलाय, उच्चार जवळचा म्हणून गल्लत होते.) पण मला आपल्या बोलीतला ‘देणं’ हा शब्द त्याहून जवळचा वाटतो. ‘देवाचं देणं’ म्हणजे देवाने दिलेलं. आणि सोसायटीचं देणं, सावकाराचं देणं म्हणजे आपण फेडायचंय ते. एकाच शब्दात दोन्ही. पौल रोमकरांस पत्रात पहिल्याच अध्यायात (1:14) स्वतःला सगळ्यांचा ऋणी म्हणवतो, त्याने कोणाकडून पैसे घेतले नव्हते, सुवार्ता मिळाली होती एवढंच, ती दुसऱ्यापर्यंत पोचवेपर्यंत त्याला ती फेडायच्या देण्यासारखीच वाटत होती. आमची आजी कोणी तिच्या मांड्यांचं (खापरावरच्या पुरणपोळ्यांचं) कौतुक केलं की म्हणायची, “देवनं देयेल शे, आपलं काय शे त्यामा?” आणि नाताळच्या जेवणाला पहाटेपासून खापरापुढे बसायची, मांडा कोपरापर्यंत हातावर खेळवत मोठा करायची. रोमकरांस 12 मध्ये सेवा करणं, दान देणं, दया करणं हीसुद्धा कृपादानांच्या यादीत आहेत, उपदेश आणि गाणं म्हणजेच कृपादान असं पोरांना वाटू देऊ नका ही विनंती.

नंदुरबारची ताई:
मला ‘विश्वासू’ या शब्दावर बोलायचंय. मत्तय 25 मधल्या दाखल्यात धनी परदेशी जाताना तीन दासांकडे पैसे सोपवतो. तिसऱ्या दासाने ते जमिनीत पुरले आणि धनी आल्यावर जसेच्या तसे परत दिले. आपल्याकडे अशा माणसाला आपण प्रामाणिक म्हणू, एक पै खाल्ली नाही. तरी धनी त्याला आळशी म्हणतो. म्हणजे प्रामाणिक आणि विश्वासू एक नाही. प्रामाणिक माणूस दुसऱ्याचं घेत नाही, विश्वासू माणूस ज्यासाठी दिलंय त्या कामाला ते लावतो. तिसरा राखणदार झाला, त्याला कारभारी व्हायला सांगितलं होतं.

आणि आकडा. आपल्या पवित्र शास्त्रात पाच हजार, दोन हजार, एक हजार रुपये असं येतं, त्यामुळे तिसऱ्याला किरकोळ रक्कम मिळाली असं वाटतं. मूळ शब्द तालांत, ते वजन होतं, आणि एक तालांत म्हणजे सुमारे 6000 दिनार. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. वर्षाला 300 दिवस कामाचे धरले तर 20 वर्षं झाली. केळीबागवाल्या भाऊंच्या भाषेत 20 आखाज्यांची कमाई, ती सगळ्यात कमी मिळालेल्याच्या हातात. “मला काय येतं, माझ्याकडे थोडंच आहे” असं म्हणणाऱ्यांसाठी हा हिशोब सांगा दादा.

मी हे स्वतःला सांगतेय. मंडळीत मी पेटी वाजवायचे. कोणीतरी सभेनंतर बोललं की हिचे सूर चुकतात, मला लागलं, मी पेटीवर चादर टाकली आणि कपाटावर ठेवून दिली. चार वर्षं. कोणाला वाजवायलाही दिली नाही, खराब करतील म्हणून. गेल्या महिन्यात उतरवली तर भात्याचं चामडं उंदरांनी कुरतडलेलं, हवा धरतच नाही, आणि मधल्या सप्तकातले तीन सूर मुके. मी जपून ठेवली होती हो. पुरून ठेवलेलं जसंच्या तसं राहतं हे फक्त नाण्यांचं होत असेल.

भाषाप्रेमी भुसावळ:
ताई, 2 तीमथ्य 1:6 आठवलं. तिथे पौल तीमथ्याला कृपादान प्रज्वलित कर म्हणतो, मूळ क्रियापदात विस्तव पुन्हा फुलवण्याचा अर्थ आहे. आई रात्री निखारा राखेत झाकायची आणि सकाळी फुंकणीने फुलवायची तसं. म्हणजे विझलेलं नाही, वारा लागत नाहीये.

तापीकाठ:
ठरलं, कारभारीच म्हणतो, किल्ली हातात घेऊन उभा राहतो आणि 20 आखाज्यांचा हिशोब फळ्यावर मांडतो. ताई, पेटी दुरुस्तीला दिली का?

नंदुरबारची ताई:
हो, दिली. भाता नवीन बसवावा लागेल म्हणाले, बुधवारी मिळेल. शेजारची सातवीतली पोरगी शिकायला येते म्हणतेय, तिला तुमच्या रविवारी घेऊन येऊ का?

तापीकाठ:
या ना ताई, दोघी या. साडेनऊला सुरू होतं, पेटी पण आणा.