क्रियापदं मोजून पोरांच्या पोटात काय गेलं ते कळतं का?

निवांत_पाटील
पुतणी अमेरिकेत पब्लिक हेल्थ शिकतेय. प्रबंधासाठी तीस स्कूल डिस्ट्रिक्टांच्या (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांच्या) 'वेलनेस पॉलिसी' वाचून त्यांना गुण देतेय. सरकारी अनुदानातून जेवण देणाऱ्या डिस्ट्रिक्टांना आहार आणि व्यायामाचं असं लेखी धोरण २००४ च्या कायद्याने सक्तीचं केलं. मुद्दाच नसेल तर ०, मोघम असेल तर १, ठाम असेल तर २. "खेळायला प्रोत्साहन दिले जाईल" याला १, "रोज सुट्टी दिलीच पाहिजे" याला २. सबंध सेमिस्टर हेच! एकाही शाळेच्या जेवणघरात पाऊल नाही. याला संशोधन म्हणायचं?

ओसरीवरून
अगदी. मी न्यू जर्सीत लेकाच्या शाळेत दुपारी मदतीला जाते. ट्रेवर पाचपैकी निदान तीन प्रकार हवेत, त्यात अर्धा कप फळ किंवा भाजी हवीच, नाहीतर ते अनुदानाचं जेवण धरत नाहीत. मग पोरं सफरचंद उचलतात, गल्ल्यावरच्या बाईंना दाखवतात आणि चार पावलांवरच्या पिंपात टाकतात. दातसुद्धा लावत नाहीत. धोरणाला मात्र २ गुण.

कारकून_कायदेवाला
भांडायला जाल तेव्हा हातात काय असतं? गृहपाठ केला नाही म्हणून माझ्या मुलाची मधली सुट्टी आठवडाभर बंद. डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या बोर्डाच्या सभेत गेलो. आमच्या पॉलिसीत लिहिलंय, "शिक्षा म्हणून सुट्टी काढून घेणे शक्यतो टाळावे." मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, "शक्यतो टाळतोच की आम्ही." शेजारच्या डिस्ट्रिक्टात "काढून घेता येणार नाही" आहे. विषय संपला. क्रियापदं मोजायची ती यासाठी.

निवांत_पाटील
पण सुट्टी बंद झाल्याचं तुम्हाला पोरानं सांगितलं, तक्त्याने नाही.

कारकून_कायदेवाला
आणि शेजारचं वाक्य कुठून मिळालं? अशाच एका विद्यार्थिनीच्या तक्त्यातून. २०१६ च्या नियमाप्रमाणे दर तीन वर्षांनी डिस्ट्रिक्टनेच आढावा घेऊन लोकांपुढे ठेवायचा. आपला पेपर आपणच तपासायचा! बाहेरचं कोणी नको?

पेठेतला_बाप
ठाम शब्दांचं कौतुक इकडे सांगू नका. एफएसएसएआयच्या, म्हणजे आपल्या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या नियमांत शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा चरबी-साखर-मिठाचे पदार्थ विकायला बंदी आहे. द्या २ गुण. आमच्या शाळेच्या फाटकाला खेटून टपरी आहे, वेफर्सच्या माळा बाजूला सारूनच पोरं आत जातात.

कारकून_कायदेवाला
तक्रार केलीत?

पेठेतला_बाप
… नाही. नियम मलाच गेल्या महिन्यात कळला.

निवांत_पाटील
पुतणीशी बोललो. शाळेत जाऊन मुलांचं निरीक्षण करायचं तर विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी, डिस्ट्रिक्टची, वर पालकांची. तोवर सेमिस्टर संपतं. पॉलिसी मात्र वेबसाइटवर आयती मिळते.

ओसरीवरून
पिंपात किती सफरचंदं पडली ते मोजायला कोणत्या पालकाची परवानगी लागते? तीसऐवजी दहा डिस्ट्रिक्ट घे म्हणावं, आणि परवानगीचा अर्ज आजच टाक.