तीन वर्षांत सर्जनचा हात बसतो का?

सातपुड्याखाली
शिरपूर-चोपडा पट्ट्यात वीस वर्षं सर्जरी करतोय. मध्यंतरी हाताखाली एक नवा एमएस, म्हणजे सर्जरीची पदव्युत्तर पदवी झालेला डॉक्टर, घेतला. थिसिस झालेला, लॉगबुक, म्हणजे ऑपरेशनांच्या नोंदीची वही, गच्च भरलेलं. रात्री अपेंडिक्स आलं, म्हटलं घे. तर म्हणतो, "सर, तुम्ही समोर उभे राहा ना." स्वतःच्या हाताने किती केलीस विचारलं, तर गप्प. 'असिस्ट' केलेली पुष्कळ, म्हणजे रिट्रॅक्टरने जखम उघडी धरून उभं राहणं.

हिशोब बघा. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप १, नीट-पीजी या प्रवेश परीक्षेपायी जातात ती वेगळी, मग एमएस ३. त्यातलं पहिलं वर्ष ड्रेसिंग, रक्ताचे नमुने आणि एक्स-रेमागे धावण्यात. अमेरिकेत जनरल सर्जरीची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात राबून घ्यायचं हे शिक्षण, ५ वर्षांची, आणि बोर्डाच्या परीक्षेला बसायचं तर किमान ८५० ऑपरेशनं नावावर लागतात. लॉगबुक आपल्याकडेही आहे. ते कसं भरतं, हे इथल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे.

माझं म्हणणं एवढंच: जिल्हा रुग्णालयात ३ महिन्यांची जी सक्तीची रेसिडेन्सी आहे, ती वर्षाची करा. हर्निया, हायड्रोसील, फुटलेलं आतडं, बैलाने शिंग मारलेलं पोट, हे सगळं तिथंच येतं.

केळीवाला_रावेर
डॉक्टरसाहेब, हात बसवायला गरिबाचंच पोट दिसलं का? आईचं पित्ताशय एका मोठ्या शिकाऊ दवाखान्यात काढलं. सही घेताना साहेब होते, आत कोण होतं ते आजवर कळलं नाही. तासाभराचं काम सांगितलेलं, तीन तास लागले. आई बरी आहे, तक्रार ती नाही. पण पैसेवाला नाशिक-मुंबई गाठतो आणि शिकाऊ हात आमच्या वाट्याला. त्यात तुम्ही म्हणता, वर्षभर पाठवा.

जेआर_टू
रावेरच्या दादांचं पटतं, सरांचं नाही. पहिलं वर्ष वाया जातं म्हणता, पण ऑपरेशन झालेला पेशंट तिसऱ्या दिवशी का बिघडतो, हे ड्रेसिंग करतानाच कळतं. पोट कडक लागतंय की नाही, हे रात्री दोनला दहा वेळा हात लावल्याशिवाय समजत नाही. माझ्या एप्रनच्या काजात अजून टाक्याच्या सिल्क दोऱ्याच्या गाठींची झालर आहे, सरावासाठी डाव्या हाताने मारलेल्या. ते पण शिक्षणच ना?

राहिली जिल्ह्याची गोष्ट. माझे ३ महिने झाले. रात्री भूलतज्ज्ञ नसला की पोट फुटलेला पेशंट १०८ मध्ये घालून पुढे पाठवायचा. मी रेफरची चिठ्ठी छान लिहायला शिकलो! तिथं शिकवणारा सर्जन नसेल तर वर्षभर काय करू? शिवाय एमएसनंतर १ वर्षाच्या सरकारी सेवेचा बाँड आहेच, मोडला तर ५० लाख. अजून एक वर्ष म्हणजे सरकारला स्वस्तात माणूस.

भरीतपार्टी
आता सगळं दुर्बिणीने होतं, पोट उघडायला शिकवता कशाला?

सातपुड्याखाली
भरीतपार्टी, दुर्बिणीने पित्ताशय काढायला आपल्याकडे १९९० साली मुंबईच्या जेजे रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडियांनी सुरुवात केली. त्याआधी त्यांचा हात उघड्या ऑपरेशनवरच बसला होता. आत रक्त लागलं, दिसेनासं झालं, तर पोट उघडावंच लागतं.

जेआर, भूलतज्ज्ञाचा मुद्दा मान्य. पण बिनडॉक्टरच्या गावात आजी विचारते, "आमना गावले सर्जन कव्हय येई?" तिला काय सांगू, थिसिस चालू आहे म्हणून?

ओटीवाली_ताई
धुळ्याकडे ओटीत हयात गेली, म्हणून बोलते. आमच्या एका सरांची पद्धत होती. हर्नियात पहिल्या दिवशी पोराला फक्त चामडी शिवायला द्यायचे. पुढे जाळी बसवायला. मग मधली नस ओळखून बाजूला घ्यायला. ती टाक्यात सापडली तर पेशंट महिनोन्‌महिने जांघ धरून बसतो. सर समोर उभे, हात पोराचा. पोरगा थरथरला की स्वतःचं बोट त्याच्या बोटावर ठेवायचे, हत्यार काढून घ्यायचे नाहीत. दुसरे एक होते, ते सगळं स्वतःच करायचे, फटाफट. पेशंटला वेळ कमी लागायचा, पण त्यांच्या युनिटची, म्हणजे हाताखालच्या टीमची, पोरं तिसऱ्या वर्षालाही टाकेच मारायची. दोन्ही युनिटच्या पोरांना डिग्री एकच.

रावेरचे भाऊ, तीन तास लागले म्हणजे शिकाऊच होता असं नाही. सुजून चिकटलेलं पित्ताशय मोठ्या साहेबांचाही घाम काढतं.

केळीवाला_रावेर
ताई, असेलही. सर समोर उभे राहणार असतील तर पोरानं केलं तरी माझी ना नाही. फक्त त्याचं नाव सांगा, दुसऱ्या दिवशी तोंड दाखवा. तुमचं वाचून आईची फाईल काढली. सर्जनच्या नावाच्या रकान्यात 'युनिट २' लिहिलंय.