मदत हवी आहे: पन्नाशीनंतर व्यायामातील वजन कसे वाढवावे?

माझे वय ५४ असून पाळी थांबून तीन वर्षे झाली. अलीकडे जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हाताचा भार द्यावा लागतो आणि पूर्वी सहज फिरणारे बरणीचे झाकण आता दोनदा हात पुसूनही हलत नाही. हाडांच्या घनतेच्या तपासणीत टी-स्कोअर उणे १.८ आला, म्हणजे हाडे विरळ होऊ लागली आहेत. डॉक्टरांनी ताकदीचे व्यायाम करण्यास परवानगी दिली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार असे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावेत, आणि तेवढे मी चार महिने नेमाने करत आहे: खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीवरचे पुश-अप्स आणि २ किलोचे डंबेल्स. अडचण अशी, की आता प्रत्येक प्रकार पंधरा वेळा करूनही स्नायूंना ताण जाणवत नाही, आणि प्रशिक्षक मात्र बायकांनी हलकेच वजन उचलावे असे सांगतात. मला हे मुळीच पटत नाही, कारण भार हळूहळू वाढवला नाही तर स्नायूंना बळकट होण्याचे कारणच उरत नाही.

ज्या भगिनींनी याच वयात सुरुवात केली, त्यांनी वजन किती दिवसांनी आणि किती वाढवले, हे कृपया सविस्तर लिहावे. डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन उचलत सरळ उभे राहण्याचा व्यायाम) शिकताना पाठ वाकत नाही ना, याची खात्री तुम्ही कशी केलीत? विरळ हाडांमुळे मला याचीच सर्वाधिक धास्ती वाटते.